गाभ्यावरची काच: अत्तराची कुपी घडवायला शिकताना

अडीच हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठावर अत्तरासाठी काचेच्या इवल्याशा कुप्या बनत. गडद निळ्या, अंगावर पिवळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघा. तशी एक कुपी स्वतःच्या हाताने घडवायची असं मी २०२४च्या ऑगस्टमध्ये ठरवलं, आणि मे २०२५च्या अखेरीस त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा पार पडला. मधल्या काळात संग्रहालयाचे अर्ज, कार्यशाळेची प्रतीक्षायादी, घोड्याची लीद, भट्टीत तडकलेली काच आणि युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा अशा सगळ्यांतून जावं लागलं. सुरुवातीला कुठून शिरायचं तेच कळत नव्हतं आणि मराठीत विचारावं असं कुणी ओळखीचं नव्हतं. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते आहे.

मी मूळची कोल्हापूरची. गेली काही वर्षं मँचेस्टरजवळ राहते आणि एका शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. संध्याकाळच्या वर्गात बर्नरच्या ज्योतीवर काचेचे मणी करायला शिकले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे याचा उपयोग झाला. ज्योतीची अजिबात सवय नसलेल्यांना अशा कार्यशाळेत सहसा घेत नाहीत.

आता कुपीबद्दल थोडं. नळीने फुंकून काच फुगवायची युक्ती माणसाला सापडली ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात. पोकळ काचेची भांडी मात्र त्याच्या दीड हजार वर्षं आधीपासून होत होती. धातूच्या सळईच्या टोकावर माती, वाळू आणि शेण-लीद यांचा गाभा थापायचा, त्याला हव्या त्या कुपीचा आकार द्यायचा, वाळवायचा, तापवायचा आणि त्यावर वितळलेली काच चढवायची. काच सावकाश निवली की सळई काढायची आणि आतला गाभा खरवडून टाकायचा. जी पोकळी उरते तिथे अत्तर. ही रीत ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकाच्या सुमारास मेसोपोटेमिया आणि उत्तर सीरियाच्या भागात सुरू झाली. इजिप्तमध्ये ती तिसरा थुटमोस या राजाच्या काळात दिसू लागते, त्याच्या नावाची मोहर असलेला छोटा काचेचा जग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे काही शतकं हे काम जवळजवळ थांबलं, आणि ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या मध्यापासून ग्रीक जगात ते पुन्हा बहरलं. मला करायची होती ती या नंतरच्या काळातली कुपी.

पहिला टप्पा होता एखादी खरी कुपी जवळून बघण्याचा. गॅलरीतल्या कपाटाच्या काचेतून रंग दिसतात, पण घडण दिसत नाही. माझा समज असा होता की कोठारातल्या वस्तू फक्त प्राध्यापकांना आणि संशोधकांना दाखवतात. तसं नाही. ब्रिटनमधली बरीच संग्रहालयं वेळ ठरवून, कारण सांगून आलेल्या कुणालाही साठवणीतल्या वस्तू दाखवतात. मी एका संग्रहालयाला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेल केली. उत्तरादाखल एक अर्ज आला: नाव, पत्ता, भेटीचा हेतू, कोणत्या वस्तू बघायच्या त्यांचे नोंदणी क्रमांक, फोटो काढणार का, काढले तर कशासाठी वापरणार, आणि सोयीच्या तीन तारखा. नोंदणी क्रमांक संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत शोधून लिहायचे होते. त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, पण ती सार्थकी लागली. 'जुनी काच बघायची आहे' असं मोघम लिहिण्यापेक्षा चार-पाचच वस्तू मागा आणि त्यांत नेमकं काय बघायचं ते लिहा. मी लिहिलं होतं: तोंडातून आतली बाजू, तळ आणि कानांचे जोड. नोव्हेंबरच्या मध्याची वेळ मिळाली. शुल्क नव्हतं. फोटो फक्त स्वतःसाठी, ते छापायचे किंवा कुठे टाकायचे तर वेगळी परवानगी, असं सही करून दिलं. म्हणूनच या लेखासोबत ते फोटो नाहीत.

त्या दिवशी पेन, पाण्याची बाटली, कोट, पिशवी सगळं बाहेरच्या कपाटात ठेवायला लावलं. आत फक्त पेन्सिल आणि वही. नायट्राइलचे हातमोजे त्यांनीच दिले. टेबलावर मऊ फोम अंथरलेला, आणि त्यावर तिथल्या बाईंनी एकेक कुपी आणून ठेवली. कुपी फोमच्या वर फार उचलायची नाही, एक हात कायम तिच्या खाली, एवढाच नियम.

पहिली होती अलाबास्ट्रॉन. लांबट, नळीसारखी, तळ गोल. ती उभी राहूच शकत नाही, तिला आधार लागतो किंवा दोन इवल्या कानांतून दोरी ओवून टांगावं लागतं. तोंडाशी रुंद सपाट चकती. अत्तर म्हणजे तेव्हा तेलच, अल्कोहोल नव्हतं, त्यामुळे दाट थेंब त्या चकतीवर घेऊन अंगाला लावता येई. दुसरी अम्फोरिस्कोस, म्हणजे दोन कानांच्या मोठ्या रांजणाची छोटी प्रतिकृती. तिसरी गोलमटोल अरिबालोस, व्यायामशाळेत जाणाऱ्या पुरुषांच्या तेलाची. उंची सगळ्यांचीच बोटा-दीड बोटाची. कोबाल्टने आलेला निळा, अँटिमनीच्या संयुगांनी आलेले पांढरा आणि पिवळा, तांब्याचा फिरोजी. या रंगांचं रसायन मला माहीत होतं, एक दशांश टक्क्याहून कमी कोबाल्टसुद्धा काच गर्द निळी करतो हेही शाळेत दाखवलेलं होतं. तरी प्रत्यक्ष पाहताना मी भारावून गेले.

मग बाईंनी छोटी विजेरी दिली आणि म्हणाल्या, आत बघा. बाहेरून ती कुपी गुळगुळीत, उजळ. आत मात्र खडबडीत, भोकाभोकांची, आणि भिंतीला तांबूस-करड्या मातीचा थर अजून चिकटलेला. कुणीतरी आकडीने खरवडलेलं, आणि खांद्याच्या वळणाखाली जिथे आकडी पोचली नाही तिथे राहून गेलेलं. बाहेरच्या रेघांवरून कारागिराची नजर कळते, पण त्याचं काम कळतं ते आतून. तोवर मी सगळा विचार त्या नागमोडी नक्षीचा करत होते. त्या दिवसापासून गाभ्याचा करू लागले.

डिसेंबरमध्ये लंडनला जाणं झालं तेव्हा पेट्री म्युझियममध्येही गेले. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१–९२मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे उत्खनन करून काचकामाचे जे अवशेष गोळा केले, त्यांतले बरेच तुकडे तिथे आहेत: काचेच्या ओढलेल्या कांड्या, थेंब, फुटक्या कुप्या. गाभ्याच्या रीतीचा अंदाज त्यांनी अशाच तुकड्यांवरून बांधला. ज्यांना एकच ठिकाण बघायला वेळ आहे त्यांनी अखंड कुप्यांपेक्षा फुटके तुकडे बघावेत असं मी सांगेन. फुटलेल्या कडेवर काचेची जाडी आणि रंगाची रेघ किती खोल शिरली आहे ते सरळ दिसतं.

कार्यशाळा शोधणं हे मला सर्वांत कठीण गेलं. काच फुंकायचे वर्ग पुष्कळ, मण्यांचेही आहेत, पण गाभ्यावर काच चढवायला शिकवणारे मोजके. ऑक्टोबरमध्येच एका स्टुडिओच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं. जानेवारीत निरोप आला की फेब्रुवारीच्या शेवटी शनिवार-रविवारची जागा मोकळी झाली आहे. शुल्क २९० पौंड, त्यातले ८० लगेच आणि परत न मिळणारे. दम्याचा त्रास आहे का, गरोदर आहात का, लस कधी घेतली, ज्योतीवर किती काम केलं आहे, असं विचारणारा एक फॉर्म आणि जोखीम समजल्याची सही. कपड्यांबद्दल सूचना: सुती घाला, नायलॉन-पॉलिएस्टर नको, ओढणी-स्कार्फ नको, बूट बंद, केस घट्ट बांधलेले. वाट बघण्याच्या काळात मी अमेरिकेतल्या कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लासचे फुकट व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. विल्यम गुडनरथ तिथे जुन्या रीती करून दाखवतात. हात कसे फिरतात ते आधी डोळ्यांत बसलेलं असलं तर ज्योतीसमोर धांदल कमी होते.

कार्यशाळेच्या तीन आठवडे आधी टपालाने एक पाकीट आलं. त्यात निमुळत्या स्टीलच्या सळया, मातीची पूड, बारीक वाळू आणि वाळवून चाळलेली घोड्याची लीद. गाभे घरी करून, नीट वाळवून आणायचे होते, कारण दोन दिवसांत ते वाळत नाहीत. सूचना एक पानभर. पण लीद-माती कालवायला बसले आणि हातांना आपसूक कळलं. आजीच्या घरचं अंगण शेणाने सारवलेलं मी पाहिलं आहे, लहानपणी तिच्याबरोबर सारवलंही आहे. शेणातला गवताचा बारीक तंतू मातीला धरून ठेवतो, भेग पडू देत नाही. इथेही तेच, आणि त्याहून पुढचं एक काम आहे. गाभा तापला की तंतू जळून जातो आणि आत सूक्ष्म पोकळ्या उरतात. काच थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसते. आत घट्ट, भरीव माती असेल तर काचेला आकसायला जागा नाही, ती तडकणार. पोकळ्यांनी ठिसूळ झालेला गाभा किंचित दबतो, आणि नंतर खरवडायलाही सोपा जातो. घट्ट असावा पण फार घट्ट नको, सगळी मेख त्यात आहे.

मी मिश्रण थोडं थोडं वेगळं करून बरेच गाभे केले. जास्त वाळूचे हातात भुरभुरले. जास्त मातीचे वाळताना चिरले. नवऱ्याने स्वयंपाकघरात लीद बघून काही न बोलता खिडकी उघडली आणि पुढचे दिवस रेडिएटरपाशी ठेवलेले गाभे फिरवायचं काम स्वतःकडे घेतलं. एका बाजूने ऊब लागली तर गाभा वाकतो, म्हणून ते सगळीकडून सारखे वाळायला हवेत. आणि पृष्ठभाग शेवटी ओल्या बोटाने गुळगुळीत करा. गाभ्यावर जो खड्डा राहतो त्यात काच शिरते, आणि मग खरवडताना तिथेच आकडी अडते.

कार्यशाळेच्या पहिल्या सकाळी आमच्या शिक्षिकेने सगळ्यांचे गाभे भट्टीत घालून अगदी हळूहळू लाल होईपर्यंत तापवले. कणभर ओल राहिली तरी वाफ होऊन गाभा फुटतो. ते होईपर्यंत त्या बोलत होत्या, आणि त्यातलं एक मला फार धीर देऊन गेलं. मला वाटत होतं की विकत आणलेल्या काचेच्या कांड्यांवर काम करणं म्हणजे अर्धंमुर्धंच. त्या म्हणाल्या, तेव्हाही काच करणारा वेगळा आणि भांडं घडवणारा वेगळा असे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे बुडालेलं, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचं जहाज सापडलं. त्यात निळ्या-फिरोजी काचेच्या सुमारे १७५ लाद्या होत्या, कुठल्या तरी कारागिरांकडे निघालेल्या. ग्रीक काळातली काच वाळू आणि नॅट्रॉनची. नॅट्रॉन म्हणजे इजिप्तच्या वादी नत्रूनसारख्या खाऱ्या तळ्यांत मिळणारा सोडा, आणि वाळू किनाऱ्यावरची, शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे चुना असलेली. आजच्या इस्रायलमधल्या अक्कोजवळच्या बेलुस नदीच्या मुखाची वाळू त्यासाठी प्रसिद्ध होती. नॅट्रॉनच्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर चूल मांडली आणि काचेचा ओघळ वाहिला ही थोरला प्लिनी या रोमन लेखकाची गोष्ट तिथलीच. उघड्यावरच्या चुलीला तेवढी आच येणार नाही हे मला प्रयोगशाळेमुळे माहीत आहे. पण वाळू, सोडा आणि चुना एकत्र येण्याचं ठिकाण त्याने बरोबर सांगितलं आहे.

मग ज्योत. एका हातात गाभ्याची सळई, दुसऱ्या हातात निळ्या काचेची कांडी. गाभा ज्योतीच्या मागच्या भागात सतत फिरता, लालसर. कांडीचं टोक पुढच्या भागात वितळून काकवीइतकं दाट झालं की ते गाभ्याच्या तळाला टेकवायचं आणि गाभा फिरवत फिरवत काचेचा दोर शेजारी-शेजारी गुंडाळत वर जायचं. प्राचीन कारागीर हेच करत होते की गाभ्यावर काचेची पूड चढवून वितळवत होते की गाभा वितळलेल्या काचेत बुडवत होते, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. डॉमिनिक लाबिनो या अमेरिकन काच-कलाकाराने १९६०च्या दशकात भट्टीपाशी प्रयोग करून पाहिले, नंतर इतरांनीही. आम्ही दोराची रीत शिकलो. शिक्षिकेने आणखी एक आठवण करून दिली की त्या काळी आमच्यासारखी टोकदार ज्योत नव्हती. भट्टीच्या तोंडातून आत धरायचं, बाहेर काढायचं, थंड होण्याआधी पुन्हा आत. आच कमी-जास्त करायची ती लाकडांनी.

हात थांबला की काच खाली ओघळते. खांद्याच्या वळणावर काच चढवत असताना तळ थंड होतो, तळाला आच द्यावी तर मानेवरची काच जमते. डाव्या मनगटाला रग लागली होती, घाम डोळ्यांत येत होता आणि चष्म्यामुळे तो पुसताही येत नव्हता. भीती वाटली का? हो, सुरुवातीला खूप. पण लक्ष इतकं गुंततं की थोड्या वेळाने भीतीला जागा उरत नाही. सगळा गाभा झाकला गेला की तो सपाट स्टीलच्या पाट्यावर लोळवून सारखा करायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा लोळवायचा.

नक्षीची पाळी आली ती दुसऱ्या दिवशी. पिवळ्या काचेची दोऱ्याइतकी बारीक कांडी आधी ओढून ठेवलेली होती. ती वितळवत कुपीच्या पोटाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळली, मग पांढरी, आणि लोळवून रेघा निळ्या काचेत सपाट बसवल्या. त्यानंतर तो भाग मऊ करून एका बारीक आकडीने वरून खाली, मग पुढच्या जागी खालून वर, असं ओढायचं. आडव्या रेघा आकडीबरोबर ताणल्या जातात आणि नागमोडी होतात. हे घडताना बघणं म्हणजे निव्वळ आनंद. संग्रहालयातल्या अम्फोरिस्कोसच्या अंगावर बोटाला जाणवतील अशा उभ्या पन्हळी मी वहीत काढून ठेवल्या होत्या. त्या आकडीच्या वाटा होत्या हे इथे कळलं. मग तोंडाची चकती, आणि सर्वांत शेवटी दोन कान. कान रेघांच्या वर बसतात, त्यांच्याखाली नक्षी चालूच असते. जुन्या कुपीवर आधी काय झालं आणि नंतर काय, हे अशा थरांवरून वाचता येतं.

तयार कुप्या सुमारे ५१५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत गेल्या. तिथे काही वेळ ठेवून रात्रभर तापमान हळूहळू उतरवायचं होतं. ज्यांना थांबणं शक्य होतं त्यांनी सोमवारी सकाळी यायचं, बाकीच्यांना टपालाने. मी शाळेतून बिनपगारी सुट्टी घेतली होती. तुम्हीही शक्य असेल तर घ्या. भट्टी उघडण्याच्या वेळी तिथे असण्यातून जे शिकायला मिळतं ते टपालाच्या खोक्यातून मिळत नाही. निम्म्याहून अधिक कुप्यांना तडे होते. माझ्याही एकीला खांद्यापासून तळापर्यंत तिरपी भेग. वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. पण शिक्षिकेने ती भेगेवरच हलकेच उकलून दाखवली: तळाशी काच जाड, खांद्याला कागदासारखी पातळ. जाड भाग सावकाश निवतो, पातळ लवकर, आणि ताण दोहोंच्या मधे येतो. दुसरी कुपी मात्र शाबूत होती. थोडी वाकडी, एक कान दुसऱ्याहून वर, पण शाबूत.

गाभा खरवडायचं काम मी घरी केलं, आणि त्याला आठवडे लागले. सळई आधी पिळून काढायची, मग कुपी पाण्यात भिजत ठेवायची आणि वाकवलेल्या तारेने, दातांच्या डॉक्टरांकडे असतात तशा बारीक हत्यारांनी थोडं थोडं कोरायचं. हे नेहमी ओलं असतानाच करा. कोरडी वाळूची धूळ फुप्फुसांना घातक असते. घाई केली तर तार काचेला आतून ओरखडते आणि त्या ओरखड्यापासून भेग निघते. खांद्याच्या वळणाखालचा थर मलाही पूर्ण काढता आला नाही. आता त्या तांबूस थराबद्दल माझ्या मनात वेगळाच आदर आहे.

याच सुमारास व्हिसाचं सुरू झालं. ज्या प्रकारच्या कुप्या मी शिकत होते त्यांच्या घडणीचं मोठं केंद्र म्हणून अभ्यासक ग्रीसच्या ऱ्होड्स बेटाकडे बोट दाखवतात, कारण तिथल्या कामेइरोस आणि इयालिसोस या प्राचीन शहरांच्या कबरींमध्ये त्या मोठ्या संख्येने मिळाल्या. मे अखेरच्या शाळेच्या सुट्टीत तिथे जायचं ठरवलं. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे ब्रिटनमध्ये राहत असूनही शेंगेन व्हिसा हवाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी मार्चच्या सुरुवातीला वेळ शोधायला लागले आणि तीन आठवड्यांनंतरची मिळाली. सुट्टीच्या हंगामात हे आणखी लांबतं, तेव्हा विमानाच्याही आधी इथली वेळ बघा. शुल्क ९० युरो, पौंडांत भरायचं, शिवाय अर्ज केंद्राचा आकार वेगळा. कागद: पासपोर्ट (परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी, दहा वर्षांच्या आत दिलेला), ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा, राहण्याचं आणि विमानाचं आरक्षण, बँकेची विवरणपत्रं, शाळेचं रजा मंजूर केल्याचं पत्र. ब्रिटनमधलं वास्तव्य आता ई-व्हिसाने सिद्ध करायचं असतं. शेअर कोडसह (म्हणजे दुसऱ्याला आपली नोंद ऑनलाइन तपासता यावी म्हणून मिळणारा क्रमांक) त्याची छापील प्रत मी नेली, आणि ती मागितलीही. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर तेच चालू शकतात. माझे नव्याने घेतले. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण पासपोर्ट तिकडे असताना जीव टांगणीला लागतोच. पत्रात प्रवासाचा हेतू मी पर्यटन असाच लिहिला आणि सोबत संग्रहालयाला भेट देण्याचं एक वाक्य जोडलं. तेवढं पुरलं. एप्रिलच्या मध्यात पासपोर्ट हातात आला.

ऱ्होड्सचं पुरातत्त्व संग्रहालय जुन्या शहरात, पंधराव्या शतकात सेंट जॉनच्या सरदारांनी (हा ख्रिस्ती लढवय्यांचा एक संघ) बांधलेल्या रुग्णालयाच्या दगडी इमारतीत आहे. सकाळी उघडताच जा, दहानंतर जहाजांतून उतरलेले प्रवासी येतात. कबरींतल्या वस्तूंमध्ये त्या छोट्या कुप्या मातीच्या भांड्यांबरोबर मांडलेल्या दिसतात, आणि ज्याच्यासाठी त्या ठेवल्या त्या माणसाची जाणीव होते. मी तिथे खूप वेळ उभी राहिले. चकतीची जाडी, कानांची शेपटी कुठे ओढून तोडली ती जागा, पिवळी रेघ कुठे सुरू झाली ते टोक, असं सगळं आता वाचता येत होतं. सुरुवातीचं टोक किंचित जाड असतं, तिथे काच पहिल्यांदा टेकते. माझ्याही कुपीवर ते तसंच आहे. दुसऱ्या दिवशी बसने कामेइरोसला गेले. डोंगराच्या उतारावरचं ते ओसाड शहर समुद्राकडे तोंड करून बसलं आहे. १८६०च्या आसपास साल्झमन आणि बिलिओत्ती यांनी तिथल्या कबरी खणल्या आणि बराच ऐवज लंडनला गेला. म्हणजे कामेइरोस समजून घ्यायला ब्रिटिश म्युझियमही बघावं लागतं.

फुंकलेल्या काचेच्या रोमन कुप्याही पुढे पाहिल्या: पातळ, पारदर्शक, बहुतेक विनानक्षीच्या, कित्येक मातीत राहून इंद्रधनुषी झालेल्या. जेरुसलेमच्या ज्यू वसाहतीतल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या मध्याचा, काचेच्या नळ्या फुगवल्याचा कचरा सापडला आहे. फुंकण्याचा तो सुरुवातीचा पुरावा. हात बसलेला कारागीर फुंकून काही मिनिटांत कुपी करतो. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळू लागला. गाभ्याची रीत इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात संपली. इतकं पटकन संपलं हे मला हात दुखवून घेतल्यावर पटलं, आणि तरीही त्याची हळहळ वाटते. आपल्याकडचा धागा आहे तो या नंतरच्या, स्वस्त काचेच्या काळात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या खलाशांसाठीच्या ग्रीक माहितीपुस्तकात भडोच बंदरातून जटामांसी, कोष्ठ आणि गुग्गुळ ही सुगंधी द्रव्यं बाहेर जातात आणि कच्ची काच तिथे येते. पैठण आणि तेरचा माल त्याच बंदराकडे उतरत असे. रोमन बायकांच्या कुप्यांतल्या तेलात जटामांसीचा वास होता तो असा.

खर्चाचं विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगते. संग्रहालयाची भेट आणि पेट्री दोन्ही फुकट, फक्त रेल्वेभाडं. कार्यशाळा २९० पौंड, दोन रात्रींचं राहणं सुमारे १३० आणि बिनपगारी सुट्टीचा दिवस. चष्मा आणि हत्यारं मण्यांच्या वर्गापासून होती, नवीन घेतली तर शंभराच्या आसपास जातात. ऱ्होड्स धरलं तर रक्कम बरीच वाढते, आणि कुपी करायला शिकण्यासाठी ऱ्होड्सला जायलाच हवं असं मुळीच नाही. भारतातून येणाऱ्यांनी नातेवाइकांकडच्या मुक्कामाला जोडून कार्यशाळा करायची ठरवली, तर गाभे वाळवायला किमान तीन आठवडे हाताशी ठेवा आणि मिश्रण कोणत्या पत्त्यावर पाठवायचं ते स्टुडिओला आधी कळवा. पुढच्या फेब्रुवारीच्या यादीत मी नाव घातलं आहे. या वेळी अम्फोरिस्कोस करायची आहे, आणि तिच्यासाठी गाभ्यात माती थोडी कमी, लीद थोडी जास्त घेऊन वाळवायला ठेवली आहे.